टबातला गंज

१२ मे
आले एकदाची स्मोलांडातल्या या खेड्यात, लेकाच्या नव्या घरी! घर लाल, खिडक्या पांढऱ्या, परसात आंबट देठांचा रुबार्ब कमरेएवढा. सिक्स्तन म्हणाला, आई, आता कायमची राहा. सूनबाई लिसबेत म्हणाली, उन्हाळाभर बघू. वृद्धाश्रमात माझी खाट सांगून ठेवलीय, ते मला कळत नाही असं तिला वाटतं. तिनं दालचिनीचे पाव केले होते. दगड. मुकाट्यानं चावले.

१३ मे
घर सोडणाऱ्यानं ते लख्ख घासूनच जायचं, नाहीतर गावभर नाचक्की. जुन्या मालकांनी चुलीमागची भिंतसुद्धा धुतलीय, टब तेवढा सोडला. पाय घसरू नये म्हणून तळाला बारीक दाणे, आणि दाण्यादाण्यात गंज. कुणीतरी पाय पसरून बसावं तसा डाग. लिसबेतनं वर ब्लीच ओतलेलं. अगं, ब्लीचनं गंज पक्का होतो! म्हणाली, एवढं कळतं तर तुम्हीच काढा ना, आई. काढीन. कामाच्या म्हातारीला कोण हाकलतं?

१६ मे
रुबार्बचे देठ उकळून त्याच्या आंबट पाण्यात फडकं भिजवलं, डागावर दाबून ठेवलं, मग मऊ ब्रशनं घासलं. डागाच्या टाचा निघाल्या. शेजारीण सिग्ने कुंपणावरून म्हणाली, आधीच्या घरातली सासूपण तो टब घासायची. मग दिसेनाशी झाली. सिग्नेला काय, जिभेला हाड नाही.

१९ मे
डागाचे पाय गेले. लिसबेत खूश. स्वतःहून म्हणाली, राहा. माझ्या टाचांना मात्र तांबडे ठिपके, ओळीनं, टबातल्या दाण्यांसारखे. साबणानं जात नाहीत.

२१ मे
मी कमरेपर्यंत तांबडी. गुडघे करकरतात. काल घासायचं टाळलं, तर पुसलेलं परत उमटलं आणि सूनबाईचं तोंड वाकडं. घासलं.

२३ मे
टब पांढराशुभ्र. बोटं वळत नाहीत, पेन मुठीत धरलंय. लिसबेतनं मला पाहिलं. किंचाळली नाही, नाक मुरडलं. नवऱ्याला म्हणाली, आईंचे डाग पडतात रे चादरींवर. तो म्हणाला, मग कर काहीतरी.

२४ मे
सकाळीच टबात बसवलं मला. गरम पाणी — वही काठावर — आई, जरा घासू द्या हो, म्हणते, लाडानं —
टाचेचा डाग निघाला. टाचही —
दुखत नाही. हेच वाईट.
बघा कसं निघतंय, म्हणते. गुडघ्यापर्यंत आली — सिक्स्तन दारात टॉवेल घेऊन उभा, खाली बघतोय — अरे, तू तरी तिला सां