निळ्या दोऱ्याचा काठ

महाड, कार्तिक शु. ८, शके १८५६

ती. दादांस, कालिंदीचा सा. न. वि. वि.

काल तुमची गाडी वळणाआड होईपर्यंत तांबू मागे बघत होता. भाऊबीजेला ओवाळणीत काही नको, माझ्या कुत्र्याची लूत बरी होईपर्यंत त्याला पोलादपुरी सांभाळा, एवढेच मी मागितले आणि तुम्ही निरांजनासमोर हो म्हणालात. जाऊबाईंचे तान्हे घरात, म्हणून सासूबाईंनी त्याला अंगणातही नको म्हटले होते. तुम्ही नसता तर मी काय केले असते, देव जाणे.

एक दिवसाआड कडुलिंबाचा पाला उकळलेल्या कोमट पाण्याने आंघोळ घाला. अंग वाळले की करंजेलात गंधकाची पूड कालवून चोळा, कानामागे विसरू नका. तो चाटायला बघेल आणि तोंड कडू झाले की तुमच्यावरच रुसेल. निजायचे पोते रोज उन्हात टाका. आणि दादा, गळ्याला काही बांधू नका, तिथली कातडी सोलली आहे. हाक मारली की तो येतोच.

तुमच्या उपरण्याचा उसवलेला काठ निळ्या दोऱ्याने शिवला, पांढरा संपला होता. वहिनी हसतील, हसू देत. माझ्यावरचा लोभ थोडे दिवस तांबूला द्यावा.

तुमची धाकटी,
कालिंदी

पोलादपूर, कार्तिक व. ३

चि. सौ. कालिंदीस दत्तोपंताचे अनेक आशीर्वाद.

तुझी डॉक्टरकी शिरसावंद्य. इतके पथ्य तर मी माझ्या तापातही पाळले नव्हते. घरभर करंजेलाचा दर्प आहे, शाळेत पोरे नाकाला हात लावतात. रोगी मात्र खुशीत. ताकातली पेज चाटूनपुसून खातो.

तुझ्या वहिनीला सातवा लागला. तिला वास सोसत नाही, त्यात शेजारच्या गोदूबाई येऊन सांगतात की गर्भारशीच्या नजरेला लुतीचे कुत्रे पडू नये, पोराच्या अंगावर उठते. ती दोन दिवस रडते आहे. पण तू घोर करू नकोस, शब्द दिला तो दिला. निळा दोरा बघून ती हसली खरी. मी म्हटले, बहिणीचा टाका आहे, तसाच राहील.

घरच्या वडील मंडळींस नमस्कार, तान्ह्यास पापा.

दत्तोपंत

पोलादपूर, मार्गशीर्ष शु. ४

चि. सौ. कालिंदीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या दोन्ही पत्रांचे उत्तर राहिले, शाळेची तपासणी होती. तांबू उत्तम आहे. कानामागे नवे केस आले. हे लिहिताना तो माझ्या पायाशीच पहुडला आहे, पत्र कोणाला चालले ते कळल्यासारखा शेपूट हलवतो. इतक्यात त्याला न्यायला येऊ नकोस, थंडी फार आहे. आमच्याविषयी मनात माया असू दे.

दत्तोपंत

महाड, मार्गशीर्ष शु. ६

ती. दादांस, कालिंदीचा नमस्कार.

तुमचे पत्र आज पोचले. तांबू परवाच पोचला. तुमच्या पायाशी तो पहुडला असे तुम्ही लिहीत होतात, त्याच दिवशी तो आमच्या दाराशी येऊन पडला. पायांचे तळवे फुटलेले, बरगड्या वर आलेल्या, आणि सोललेल्या गळ्यात कुरतडलेली चिंधी. चिंधीवर निळा दोरा होता. माझा टाका मला ओळखू येतो.

तरी मी मनाला म्हटले, कोणी चोरले असेल. आज पोलादपूरचा सयाजी गाडीवाला आला, त्याला विचारले. तो मान खाली घालून म्हणाला, "मास्तरांनीच घाटाखाली आंब्याला बांधला होता, बाय. मी डोल्यांनी बगितला हाय."

त्या आंब्याखाली वाघरू फिरते, दादा. तुम्हीच मला लहानपणी सांगायचात.

वहिनींची भीती मला कळते. एक ओळ लिहिली असती तर मिळेल त्या गाडीने येऊन त्याला घेऊन गेले असते, रागावलेही नसते. केसाने गळा कापलात. ज्यांना मी भ्याले, त्या सासूबाईंनी त्याला गोठ्यात घेतले आणि स्वतः पेज पाजली. आणि ज्याच्यावर डोळे मिटून विसंबले, तो माझा पाठीराखा निरांजनासमोर हो म्हणाला होता.

वहिनींना जपा. बाळंतविड्याची दुपटी मी शिवते आहे, ती सयाजीबरोबर येतील. पुढच्या भाऊबीजेला पाट मांडीन, ओवाळीनही. मागणार मात्र काही नाही.

गळ्यातली चिंधी मी सोडली आणि चुलीत टाकायला निघाले, तर तांबूने ती ओढून घेतली. आता तिच्यावरच डोके ठेवून निजला आहे. तुमचा वास आहे ना तिला. तुम्ही काय केलेत ते त्याला कळलेले नाही.

मला कळले आहे.

कालिंदी