डोंगराचे दोन्ही कान

अण्णा, मी डोंगरांचे फोटो काढायला शिकते आहे. पन्नाशी उलटल्यावर, फी भरून, क्लास लावून. तुम्ही असता तर आधी पोट धरून हसला असता आणि मग दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चहाबरोबर ही बातमी दिली असती. म्हणून तुम्ही जाईपर्यंत थांबले, असं म्हणायला मला आवडेल, पण खरं कारण तेवढं शोभिवंत नाही. दर आठवड्याला वर्तमानपत्रात कुणाची ना कुणाची टर उडवून माझं पोट भरतं, आणि माणसांची तोंडं न्याहाळून न्याहाळून आता वीट आला आहे. डोंगराला तोंड नसतं. त्याला कुणी बघायला येत नाही, त्याला कुणाला पसंत पडायचं नसतं. निदान मला तसं वाटलं होतं.

क्लास म्हणजे रविवारी पहाटे क्रांती चौकात जमायचं आणि दोन गाड्यांत कोंबून घेऊन शहराबाहेर पडायचं. शिकवणारा पोरगा माझ्या निम्म्या वयाचा आहे. आम्ही त्याला सर म्हणतो, तो आम्हाला काका-काकू म्हणतो, आणि दोन्ही बाजूंना यात काही गैर वाटत नाही. वर्गात एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. त्यांच्या लेन्सची लांबी त्यांनी आयुष्यात केलेल्या कुठल्याही धाडसापेक्षा जास्त आहे. डोंगर समोर आला की ते आधी लेन्स पुसतात, मग बदलतात, मग जुनी पुन्हा लावतात, तोवर सूर्य वर येऊन पांढरा होतो. परतताना गाडीत म्हणतात, "आज लाइटच नव्हती हो." लाइट होती. ती त्यांची वाट बघून गेली.

पहिल्या रविवारी आम्ही कन्नडच्या घाटात गेलो. पावसाळा सरून गवत वाळलं होतं, आणि कोवळ्या उन्हात ते असं पेटल्यासारखं दिसत होतं की मला चक्क घाई झाली. मी तिपाई रोवली, डोंगर बरोबर मधोमध घेतला, दोन्ही अंगांना सारखी जागा सोडली, माथ्यावर दोन बोटं मोकळी ठेवली आणि खटका दाबला. सरांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत वाकून पाहिलं.

"काकू, डोंगराचा पासपोर्ट काढायचाय का?"

"व्हिसा लागतो का त्याला जळगावला जायला?" मॅनेजर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, पण मला आतून चरचरलं, कारण तो फोटो तुम्ही काढला होता. हनुवटी सरळ, दोन्ही कान दिसले पाहिजेत, डोक्यावर दोन बोटं जागा. उस्मानपुऱ्यातल्या तुमच्या त्या फोटोच्या दुकानात पडद्यामागं बसून मी गृहपाठ करायचे तेव्हा हे दिवसभर कानावर पडायचं, आणि ते माझ्या हातात येऊन बसलं आहे हे मला कन्नडच्या घाटात कळलं. सर म्हणाले, डोंगर बाजूला सरकवा, आभाळाला जागा द्या, पुढं एखादा दगड घ्या. मी सरकवते. डोळा भिंगाला लागला की हात पुन्हा त्याला मधोमध आणून बसवतो. दोन महिने मी निव्वळ तुमच्याशी झटापट करते आहे, आणि तुम्ही मेलेले असूनही जिंकता.

आता तुम्ही दिलेल्या भेटीची गोष्ट. सातवीत असताना शाळेची सहल देवगिरीच्या किल्ल्यावर निघाली, तेव्हा तुम्ही मला तो डबा कॅमेरा दिलात. गळ्यात अडकवलात, पट्टा आखूड केलात आणि म्हणालात, "बाई, हा काही खेळ नाही. हात हलला तर हात मोडीन." माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी सकाळ होती. मी अख्खा रोल संपवून आले. रात्री तुम्ही डार्करूममध्ये गेलात आणि सकाळी दुकानात चार माणसं बसलेली बघून निगेटिव्हच्या पट्ट्या उजेडाला धरल्यात. "बघा हो, आमच्या कन्येनं सहलीचे फोटो काढलेत. शिक्षक नाहीत, मैत्रिणी नाहीत. नुसते डोंगर. याला गिऱ्हाईक कोण? घारी?" चौघं हसले. एकानं तर विचारलं, "डोंगराचं स्थळ बघताय का अण्णा?" तुम्ही त्या पट्ट्यांचे प्रिंट काढले नाहीत. कागद वाया जातो म्हणालात. कॅमेरा परत कपाटात गेला, आणि डोंगर म्हणजे दुकानाच्या मागच्या भिंतीवरचा तो रंगवलेला पडदा, तळं आणि दोन हंसांचा, एवढंच मी मानून घेतलं.

त्या पडद्यापुढंच पुढं तुम्ही मला उभं केलंत. लग्नाला दाखवायचा फोटो ही तुमची खासियत होती. शहरातल्या अर्ध्या पोरी तुमच्या दुकानातून गोऱ्या होऊन बाहेर पडल्या. आईची मोतिया साडी, खांद्यावरून पुढं घेतलेली वेणी, हात त्या लाकडी कठड्यावर. फोटो झाला, आणि मग तुम्ही निगेटिव्ह त्या तिरक्या डेस्कवर ठेवून खालून दिवा लावून बसलात. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल फिरते तिथं फोटोत माणूस गोरा होतो. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणालात, "नाक तुझ्या आईकडचं आहे, त्याला माझा इलाज नाही. रंगाचं बघतो." दोन संध्याकाळी तुम्ही पेन्सिल फिरवत होतात. मी कप घेऊन तिथंच रेंगाळले. माझ्या तोंडाकडं तुम्ही इतका वेळ पाहिलेलं मला त्याआधी आठवत नाही, त्यानंतरही नाही. आणि तेही भिंगातून, उलट्या रंगात.

फोटो कन्नडला गेला आणि तिथून माणसं आली. मुलाची आई पोहे पुढ्यात ठेवून एकदा माझ्याकडं आणि एकदा पर्समधून काढलेल्या फोटोकडं बघत होती. मग गोड आवाजात म्हणाली, "फोटो लई देखणा काढलाय हो तुम्ही. कुणाचाय?"

खोलीत पंखा फिरत होता. तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं, अण्णा. फोटोवर हात फिरवलाय, पोरगी आहे ती अशी आहे, एवढंच. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "काय सांगायचं, उन्हात हिंडते दिवसभर. सांगितलं तरी ऐकत नाही." म्हणजे फोटो बरोबर होता आणि मी चुकले होते. तुमच्या हातून झालेल्या दोन वस्तू त्या दिवशी समोरासमोर ठेवल्या होत्या आणि तुम्ही फोटोची बाजू घेतलीत.

बरं, तेवढ्यावर थांबायचं. तुम्ही तोच फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावलात. कितीतरी वर्षं मी कॉलेजला, मग नोकरीला त्या काचेवरून जायचे आणि ती गोरी बाई माझ्याकडं कीव केल्यासारखी बघायची. मुलींचे बाप तिच्याकडं बोट दाखवायचे, "अस्सा पाहिजे बघा." कुणी विचारलं, "या पोरीचं जमलं का मग?" की तुम्ही म्हणायचात, "कधीचंच!" तिचं जमलं असावं. माझं मी पुढं फोटो न देता जमवलं. त्या गृहस्थांनी आधी मला पाहिलं आणि मग होकार दिला. आपल्या घरात हा क्रम नवीनच होता.

तुम्ही गेलात तेव्हा हार घालायला फोटो सापडेना. आयुष्यभर दुसऱ्यांचे कान मोजणाऱ्या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो नाही! शेवटी मतदार ओळखपत्रावरचा मोठा करायला तुमच्या त्या समोरच्या फोटोवाल्याकडं दिला, ज्याला तुम्ही जन्मभर न्हावी म्हणत आलात. त्यानं संगणकावर तुमचं तोंड उघडलं आणि अदबीनं विचारलं, "ताई, जरा साफ करून देऊ का? डोळ्याखालचं काळं, गालाचे खड्डे?" मी म्हटलं, काही करू नका, आहे तसा द्या. धाकटी बहीण माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. तुम्ही त्या चौकटीत पाकीटमार दिसता, अण्णा. चंदनाचा हार घातला की पकडलेला पाकीटमार. रोज सकाळी मी तुम्हाला उदबत्ती दाखवते आणि माझा दिवस बरा जातो.

तर क्लास. शेवटी सरांनी जाहीर केलं की प्रत्येकाचा एक फोटो प्रदर्शनात लागेल, पण निवडून. माझा एक फोटो त्यांना आवडला होता. घाटाच्या अलीकडचाच एक डोंगर, संध्याकाळचा, पहिल्यांदाच मधोमध नसलेला. त्याच्या पोटात खडीसाठी फोडलेली खाण आहे. पांढरी, उभी, ओरबाडल्यासारखी. मी उन्हाची वाट बघत तिथं तीनदा जाऊन बसले होते, आणि मला तो तसाच हवा होता, त्या पांढऱ्या ओरखड्यासकट. तुमच्या धंद्यातली एक भिंत मला हवी होती, जिच्यावर कुणी पेन्सिल न फिरवलेला चेहरा टांगलेला असेल आणि लोक त्याच्यापुढं थांबतील.

सर म्हणाले, "काकू, कंपोझिशन एक नंबर. फक्त ते पांढरं काढून टाका."

"ते डोंगरात आहे."

"हो, पण फोटोत कशाला? डोळा तिथंच अडकतो. पाच मिनिटांचं काम आहे, मी करून देतो."

"नको."

"अहो, सगळेच करतात! तारा, खांब, प्लास्टिक... मॅनेजर काकांनी तर अख्खं हॉटेल काढलं."

"मोठं हॉटेल होतं," मॅनेजर अभिमानानं म्हणाले.

मी हट्टाला पेटले. सरांनी खांदे उडवले, "बघा बुवा, जागा कुठली मिळेल ते मग मी सांगू शकत नाही." घरी आल्यावर मी, नुसतं बघायचं म्हणून, संगणकावर तो फोटो उघडला. तुम्हाला हेवा वाटेल, अण्णा. खाणीवर नुसतं गोल गोल फिरवायचं. शेजारचं गवत उचलून ते यंत्र जखमेवर पसरतं, आणि तुम्हाला दोन संध्याकाळी लागायच्या तिथं माझा चहा निवला नाही. डोंगर अखंड झाला. सोनेरी, भरलेला, कुणाच्याही घरात शोभेल असा. मी त्याच्याकडं पाहिलं, मनातल्या मनात तुम्हाला दोन शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी खाणवाला फोटो देऊन आले.

त्यांनी तो जिन्याजवळ लावला, पाण्याच्या जारच्या डोक्यावर. मी सकाळपासून तिथं खुर्ची टाकून बसले. लोक येत होते, गार पाण्याचा ग्लास भरत होते, पीत पीत माझ्या डोंगराकडं पाठ करत होते. पलीकडं मॅनेजरांचा सूर्योदय होता, आंब्याच्या सरबताच्या रंगाचा. त्याच्यापुढं रांग लागली होती, बायका नवऱ्यांना उभं करून फोटो काढत होत्या. "आहाहा, काय निसर्ग आहे!" एकजण म्हणाला, आणि मॅनेजरांनी नम्रपणे मान हलवली, जणू निसर्ग त्यांच्याच खात्यातून काढला होता. दुपार झाली. माझ्यापुढं कुणी थांबलं नाही. मला राग यायला हवा होता लोकांचा, सरांचा. मला डोंगराचा राग येत होता. बसलाय आपला पोट फाडून, जरा बरा दिसला असता तर काय बिघडलं असतं!

मग एक बाई थांबली. माझ्यापेक्षा लहान, हातात स्टीलची बाटली. मी सावरून बसले. तिनं मान तिरकी केली.

"हे मधी काय खरवडलंय?"

"खाण आहे. खडी काढतात तिथं."

"अगं बाई! नाहीतर किती छान दिसला असता."

मी गप्प राहू शकत होते. दोन वाक्यं तिला सुनावू शकत होते, माझा तर धंदाच तो. पण बाटली भरत आली होती, ती निघाली असती. मी पर्समधून मोबाईल काढला आणि त्यात ठेवलेला तो दुसरा, खाण पुसलेला डोंगर तिच्यापुढं धरला.

"अय्या, हा तर लईच देखणा आहे!" ती म्हणाली. मोबाईल माझ्या हातातून घेऊन तिनं दोन बोटांनी तो मोठा केला, चहूबाजूंनी बघितला. "मग ताई, हाच लावायचा ना."

भिंतीवरचा मागं होताच. आम्ही दोघींनी त्याच्याकडं वर पाहिलंही नाही.

हे मी कुठं छापणार नाही, धाकटीला वाचून दाखवणार नाही, आणि तुमचा पत्ता तर कुणाकडंच नाही. तुम्हाला माफबिफ केलेलं नाही, चौकटीतला फोटोही मी बदलणार नाही. पण ती "हाच लावायचा ना" म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं, अण्णा. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. हे ज्याला सांगितलं तर कळेल असा माणूस माझ्या ओळखीत तुमच्याशिवाय दुसरा नाही.