मागचा दिवा आणि साखरेचा डबा

आई, सकाळपासून इथे साताऱ्यात पाऊस थांबलेला नाही आणि तुझी नात गाडी घेऊन महाबळेश्वरला निघाली आहे. तुझ्या माघारी जन्मली ती. तिथल्या एका हॉटेलात नोकरी करते. मला भीती वाटते आहे. घरात सांगितलं की हसतात, म्हणून तुला सांगते.

पप्पांच्या टॅक्सीला घाटातल्या धुक्यात मागून ट्रक धडकला होता, कारण मागच्या दिव्यात पाणी शिरून तो विझला होता. पप्पा वाचले, पण त्यानंतर तू तो दिवा गॅरेजवाल्याच्या हाती दिलाच नाहीस. पावसाळ्याच्या तोंडावर तो काढून ओट्यावर आणायचीस, बल्बच्या भोकातून उदबत्तीचा धूर आत फुंकायचीस आणि धूर जिथून बाहेर येईल तिथे खडूने खूण करून ट्यूबमधलं सिलिकॉन भरायचीस. एकदा मी फुशारकीने खालचं बारीक भोकही बुजवायला घेतलं. "आगं, त्ये मुद्दाम ठिवल्यालं असतंय! आतली वाफ कुठनं जायाची?" असं म्हणत तू माझ्या हातातली ट्यूब हिसकावून घेतलीस.

आणि तो एक दिवस. बाहेर धो धो पाऊस आहे. पप्पा आंघोळीला गेलेत. तू अंगणात जाऊन बल्ब काढून आणतेस आणि साखरेच्या डब्यात खुपसतेस. मी बघते आहे हे लक्षात येताच ओठांवर बोट ठेवतेस. "आवं, मागचा दिवा लागंना झालाय. आज ऱ्हावू द्या की." पप्पा तुझ्याकडे बघतात, डब्याकडे बघतात. "बरं, न्हाई जात. च्या ठेव," म्हणतात. त्यांना कळलं होतं, असं मला आता वाटतं.

लेकीच्या गाडीच्याही एका मागच्या दिव्यात पाणी डुचमळत होतं. काल मी तो तुझ्याच पद्धतीने दुरुस्त केला. वाळवला, उदबत्तीच्या धुराने कडेची चीर शोधली, सिलिकॉन भरलं, खालचं भोक मोकळं ठेवलं. दिवा लख्ख लागला. तरी आज सकाळी आभाळ बघितलं, आणि ती आवरत असताना मी बल्ब काढून साखरेच्या डब्यात टाकला. दिवा लागत नाही, आज जाऊ नकोस, म्हणाले.

पण ही काही पप्पांसारखी नाही. "एक लागतोय ना मम्मी? लय उशीर झालाय," म्हणत तिने गाडी सुरूही केली. एका दिव्याने, त्या घाटात! मी डब्यातून बल्ब काढला, तशीच पावसात धावले आणि कसाबसा बसवला. तिने कपाळाला हात लावला. "तू पण ना!" म्हणाली आणि गेली. वळणापर्यंत दोन्ही दिवे लाल दिसत होते. केवढं हायसं वाटलं मला.

आत्ता चहात साखर घालायला गेले तर चमच्यात काळा रबरी वायसर आला. होल्डरभोवती बसतो तो, पाणी आत जाऊ नये म्हणून. बल्ब काढताना त्याच्यासोबत निघाला असणार, घाईत मला कळलंच नाही. तेव्हापासून फोन लावते आहे. घाटात रेंज नसतेच, असं मीच मला समजावते आहे. दिवा चांगला झाला होता आई, बिघडवला मी. आणि हे तुला पाठवू तरी कुठे? सांगायला हवं ते तिला, आणि तिचाच फोन लागत नाही.