अकरावी टाळू

३ मार्च, मंगळवार. दुपारचे साडेतीन.

चि. धाकट्यास,

प्रभूच्या नावे सलाम. सवयीने लिहून गेलो. तुला नको असेल तर ही ओळ सोडून पुढे वाच.

आम्ही ठीक आहोत. नऊ वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, हात मात्र अजून स्थिर आहे. कवळ्यांचं काम भरपूर. दातांच्या डॉक्टरांच्या भिंतीवर सात प्रमाणपत्रं आहेत, पण कवळी टोचायला लागली की फोन या सातवी नापास माणसाला येतो. मी केसभर घासून देतो आणि म्हातारा पेशंट हसून दाखवतो. असो.

तुझ्या वहिनीचं ऑपरेशन झालं, ते तुला कुणाकडून तरी कळलंच असेल. गेल्या एप्रिलमध्ये कॅन्सरपायी अर्धी टाळू काढली. भोक अठ्ठावीस मिलिमीटर लांब, एकोणीस रुंद. बोलायला गेली की हवा नाकातून जाते, शब्द उमटतच नाही. त्यावर टाळूची प्लेट बसवतात. हॉस्पिटलने दिलेली मी पाहिली आणि परत केली. तसलं काम मी वैऱ्यालाही दिलं नसतं. स्वतः माप घेतलं, मेणात कोरली, नवव्या दिवशी तिच्या तोंडात बसवली. तिचं पहिलं वाक्य, अगदी स्पष्ट: "चहात साखर विसरलात."

त्या संध्याकाळी प्रार्थना तिनेच केली. आमच्याकडे ती म्हणायची आणि माझ्याकडे फक्त आमेन, हे तुला माहीत आहे.

तीन आठवड्यांत प्लेट सैल झाली. दुसरी केली, तिसरी केली. प्लास्टर बदललं, पाणी थेंब मोजून घातलं, दुकानदाराला फैलावर घेतलं. फेब्रुवारीत अकरावी केली. तीही पाचव्या दिवशी हलायला लागली, तेव्हा सगळे साचे पिशवीत घालून सर्जनकडे गेलो. म्हटलं, "माझं कुठे चुकतंय ते दाखवा."

त्यांनी पहिला आणि शेवटचा साचा शेजारी ठेवून पाहिले. म्हणाले, "तुमच्या कामात चूक नाही. भोक वाढतंय."

तीस वर्षांत माझ्या कामाला कुणी इतकं निर्दोष म्हटलं नव्हतं.

दोन महिने, फार तर तीन. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. लिहवलं नाही.

बारावी आता बसणार नाही. तिने पाटीवर लिहिलं, "आता प्रार्थना तुम्ही म्हणा."

"मला पाठ नाही."

"खोटं." आणि खाली रेघ मारली.

म्हणून रोज सातला मी सुरू करतो. आईने दोघांना एकाच चटईवर बसवून पाठ करून घेतलेली, तीच. पित्याला हाक मारतो, त्याच्या नावाचं, राज्याचं नीट म्हणतो. मग त्याच्या इच्छेप्रमाणे होऊ दे म्हणायची जागा येते आणि मी थांबतो. जे पटत नाही ते मी गिऱ्हाइकाला कधी बोललो नाही, देवाला कसं बोलू? ती वाट बघते. पाटीला हात लावत नाही. दहा मिनिटं, कधी पंधरा. मग मी तिला नळीने भरवतो.

पाळक म्हणाले, "तेवढी ओळ गाळा, देव समजून घेईल." मी म्हटलं, "पुढचा दात न बसवता मी कवळी कधी दिली नाही."

उठून मात्र जात नाही. रविवारीही दोघं जातो. ती तोंडाला रुमाल लावून बसते, मी आपला भिंतीकडे बघत. विश्वास म्हणून माझ्यापाशी आता एवढंच उरलंय, की सातला खुर्ची सोडत नाही.

तुझी लेक गेली, तेव्हा कब्रस्तानाच्या फाटकापाशी मी तुला म्हणालो होतो, "तुझी प्रार्थना कमी पडली." तू चपलेचा पट्टा सारखा केलास आणि चालू लागलास. त्यानंतर चर्चला आला नाहीस, माझ्याकडेही नाही, आणि मी सांगत फिरलो की धाकटा विश्वासातून पडला. फाटकापाशी बोललेलं ते वाक्य परवा स्वतःला लावून पाहिलं. कुठल्याच माणसाला बसणार नाही असं ते होतं, आणि मी ते तुझ्यावर जबरीने बसवलं.

माफी कशी मागतात ते मला येत नाही. बाकी सगळं माझं मी शिकलो, हे एकट्याने शिकता येत नाही असं दिसतं.

ये म्हणत नाही, परत फिर असंही नाही. एकच विचारतो. तू कुठल्या ओळीवर थांबलास? तू एकदम उठला नसशील, हे मला आता कळतं. तिथे किती दिवस बसलास, आणि शेजारी कुणी होतं का? कळव.

पावणेसात झाले. तिने पाटी पुसून बाजूला ठेवलीय, माझी खुर्ची ओढून ठेवलीय. आजही ती ओळ म्हणता येईल असं वाटत नाही. बसतो.

तुझ्या लेकीचा मोठा काका