व्यायामाच्या खोलीतला सोफा हलविल्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
रुग्णालय कार्यालय.

विषय : फिजिओथेरपीची खोली परत घेण्याबाबत.
संदर्भ : आपले तोंडी उद्गार, "हातपाय ताणायला खोली कशाला लागते?"

महोदय,

१. मी या रुग्णालयाची फिजिओथेरपिस्ट. आपण मला 'मालीशवाल्या बाई' म्हणता, म्हणून ओळख लेखी देत आहे. गेल्या महिन्यात माझ्या खोलीतील गाद्या जिन्याखाली फेकून तेथे आपल्या पाहुण्यांसाठी सोफा मांडण्यात आला. सोफा देखणा आहे. पाहुणे अद्याप आलेले नाहीत.

२. माझ्याकडे एक शिंपीणबाई येतात. वर्षानुवर्षे मशीनवर वाकून त्यांच्या छातीचे स्नायू आखडले, पाठीचे दुबळे झाले आणि कमरेची कळ जाईना. दाराच्या चौकटीला दोन्ही हात कोपरापर्यंत टेकवायचे, एक पाय पुढे घ्यायचा, श्वास सोडत छाती अलगद पुढे न्यायची आणि तिथेच थांबायचे; मग खांदे मागे घेऊन पाठीला बळ द्यायचे. एवढेच आम्ही नेटाने करत होतो. एके सकाळी त्या आल्या त्या डोळे पुसतच. "बाई, किती वर्षांनी काल मी उताणी झोपले!"

३. खोली गेल्यावर आम्ही व्हरांड्यातील दार धरले. "बायका दाराला लोंबकळतात," हे त्यावरील आपले सूक्ष्म निरीक्षण. उपाय म्हणून आपण मागच्या अंगणात, वॉचमनच्या शिट्टीवर, सर्व रुग्णांची कवायत सुरू केलीत. आखडलेला स्नायू शिट्टीला घाबरून सैल पडत नाही, असे मी विनविले. "तुम्हाला कामच नको," असे म्हणून आपण मला वॉर्डात धाडलेत.

४. सोमवारी, "मागे पडेल त्याला खेचा" या आपल्या हुकमानुसार, वॉचमनने शिंपीणबाईंच्या खांद्यांना हिसका दिला. कमरेत उसण भरून त्या जागीच कोसळल्या. मी धावले. वॉचमन रडवेला झाला होता. आपण खिडकीतून पाहिलेत आणि पडदा ओढून घेतलात. "मला परत मशीनवर बसता येईल ना?" त्यांनी विचारले. मी हो म्हणाले. अर्थात आपल्या भरवशावर नव्हे.

५. सबब, आज सकाळी मी, वॉचमन आणि शिंपीणबाईंचे यजमान अशा तिघांनी सोफा आपल्या दालनाच्या दाराशी आणून ठेवला आहे. दार अर्धेच उघडते. तो सरकवताना कमरेतून नव्हे, गुडघ्यांतून वाकावे. आपल्याला उसण भरल्यास तूर्त मला सवड नाही.

६. गाद्या जागेवर आहेत. शिंपीणबाई त्यांवर गुडघे पोटाशी घेऊन पडल्या आहेत आणि कळ हळूहळू उतरते आहे. हा अर्ज परवानगीसाठी नसून केवळ माहितीसाठी आहे.

आपली,
('नम्र' हा शब्द जाणूनबुजून गाळला आहे)
फिजिओथेरपिस्ट
दिनांक : आजचाच