पंगतीतली करंगळी

आबा, परवा झरीला भाच्याच्या लेकराचं जावळ होतं. मी पंगतीत बसलो आणि जेवण अर्धं झालेलं असताना उठलो. सगळ्यांचं होईपर्यंत पानावरून हलायचं नाही, ही शिकवण तुमचीच. म्हणून आधी तुम्हालाच सांगतोय.

तुम्हाला होतं तेच मला निघालं. प्रोस्टेटची गाठ, कॅन्सरची. ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणतात आजार गेला. पण लघवीची नळी काढल्यापासून ताबाच राहिला नाही. खोकलो की गळायची, खुर्चीतून उठलो की गळायची. तुमच्या सुनेनं पॅडचं पाकीट आणून उशाशी ठेवलं, तर मी तिच्यावरच चिडलो. चार महिने उंबरा ओलांडला नाही. गंमत बघा, करंगळी वर करणाऱ्या पोरांना ज्या गुरुजीनं जन्मभर ‘बस खाली, सुट्टी होऊ दे’ म्हणून दटावलं, त्याच्यावरच ही पाळी आली. परभणीच्या दवाखान्यात एक मुलगी व्यायाम शिकवते. ती म्हणाली, “काका, लघवी मधीच रोखताना जे आवळतं ना, तेच आवळायचं आन सोडायचं. कुणाला कळत बी न्हाई.” तेव्हापासून मी पेपर वाचताना आवळतो, मेथी निवडताना आवळतो. आता दिवसाला एकच पॅड लागतं. कधी तेही कोरडं निघतं, त्या दिवशी मी चहा दोनदा पितो.

तरी जावळाला नको म्हणत होतो. तुमची सून म्हणाली, “बसवलं तर बसा, न्हाई तर उठा. कोण फाशी द्यायलंय?” गेलो. दुसऱ्यांदा वरण फिरायला लागलं आणि मला घाईची लागली. वाढणारा माझाच जुना विद्यार्थी, आता केस पिकलेला. माझी करंगळी आपोआप वर गेली. तो बादली धरून बघतच राहिला, मग हसला. “जावा गुरुजी. तुमच्या पानापाशी म्या थांबतो.” परत आलो तर तो खरंच तिथं उभा होता. शेजारचा म्हातारा मला म्हणाला, “मला बी कवाचं जायचं होतं,” आणि काठी टेकत तोही उठला. मी पुन्हा मांडी घातली आणि पोटभर जेवलो. कितीतरी दिवसांनी अन्नाला चव लागली.

माझ्या लेकीच्या बारशाला तुम्ही असेच उठला होतात. भर पंगतीत मी म्हणालो, “आबा, घरचंच कार्य हाय, येवढं तरी बसता येईना का तुमाला?” तुम्ही नुसतं “पोट बिघडलंय रे” म्हणालात. त्यानंतर कुठल्याच पंगतीला आला नाहीत. चुलीपाशी एकटेच जेवायचात आणि मी लोकांना सांगायचो, म्हातारा हट्टी झालाय.

पुढच्या महिन्यात गंगाखेडला लग्न आहे. जाणार आहे, बॅगेत दोन पॅड टाकून. हा कागद मात्र माझ्या वहीतच राहील. तुम्ही गेल्यावर आईनं विचारलं तेव्हा मी म्हणालो होतो, आबांना काय होतंय ते मला ठाऊक नव्हतं. ते खोटं होतं. बारशाच्या दिवशी तुमचं धोतर मागून ओलं झालेलं मी पाहिलं होतं. मला तुमची लाज वाटली, म्हणून मी आवाज चढवला.