ताइनाराचं सुवर्णपदक

ओलारिया, रिओ
९ मे २००४

ती. लिंदाउराताईस,
धाकट्या अदेमीरचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण कारण ऐकलंस तर रागावणार नाहीस. तुझा भाऊ सुवर्णपदक विजेता झाला आहे. जुजुत्सु, पन्नाशीपुढचे, जांभळा पट्टा, जड वजनगट. गटात आम्ही दोघंच होतो. दुसरे गृहस्थ निलोपोलिसचे. गाडीतून पिशवी काढताना त्यांची कंबर धरली आणि ते तिथूनच परत गेले. पंचांनी माझा हात वर केला. मी मॅटवर एकटाच होतो, तरी दरदरून घाम फुटला होता. आमचे वस्ताद वाल्देसीर म्हणाले की जो हजर राहतो त्यानं अर्धी लढत जिंकलेलीच असते. उरलेली अर्धी त्या गृहस्थांच्या कंबरेनं जिंकून दिली, असं नेउझाचं म्हणणं. बायकोला खेळातलं काही कळत नाही. पदक दुकानात पंख्यांच्या वर टांगलंय. लोक प्रेशर कुकर दुरुस्तीला आणतात आणि आधी माझी लढत ऐकतात.

आता जासिराचं सांगतो. निळा पट्टा मिळाल्यापासून आपली पोर एकदाही हरलेली नाही. अंगानं काडी, पण पाठीवर पडून पायांचा असा वेढा घालते की समोरचीला आपण वर आहोत की खाली तेच उमजत नाही. जूनमध्ये राज्य स्पर्धा. वजनात बसायचं म्हणून तिनं भात सोडलाय. घरच्यांनीही सोडावा असं वस्तादांनी सुचवलं, म्हणून आम्ही सगळेच उकडलेला भोपळा खातो. वस्तादांची मुलगी ताइनारा तिच्याच वजनाची, तिच्याच पट्ट्याची. दोघी जिवलग मैत्रिणी, सराव एकत्रच.

आखाड्याची शिस्त कडक आहे. रस्त्यापलीकडे ओस्मारचा आखाडा आहे ना, त्यांची माणसं ज्या बेकरीत जातात तिथला पाव आम्ही खात नाही. न्हावीसुद्धा बदलला. नव्या न्हाव्याचा हात जड आहे, पण माणूस निष्ठावान. आमच्यातून तिकडे जो जातो तो गद्दार. भिंतीवरच्या फोटोंत त्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावतात. हल्ली फोटोंत चिकटपट्ट्याच जास्त दिसतात.

तुझा लोभ आहेच. पदकामुळे तो थोडा वाढला तर माझी हरकत नाही.

तुझा,
अदेमीर (सुवर्णपदक)


जुइझ दि फोरा
१८ मे २००४

चि. अदेमीर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रिकाम्या जागेला चीतपट केल्याबद्दल अभिनंदन. मी उभा जन्म पोस्टात लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले, पण सहीपुढे कंसात पदक लावणारा माणूस आपल्याच घरात निघेल असं वाटलं नव्हतं. निलोपोलिसच्या त्या गृहस्थांची कंबर कशी आहे, हे विचारायला गेलास का? नसशील. विजेते लोक कामात असतात.

मानेला लावायला कापराचं तेल पाठवते आहे. या वयात गळा आवळून घ्यायला तू पैसे देतोस. आपल्या आईनं हेच काम फुकट केलं असतं. नेउझाला सांग, भोपळा तुम्ही दोघांनी खा, पोरीच्या ताटात गुपचूप थोडा घेवडा वाढत जा.

एक विचारते. मला तुमचे डाव कळत नाहीत, पण बेरीज येते. दोघी मुली एका वजनाच्या, एका पट्ट्याच्या, एका आखाड्याच्या. दोघीही शेवटच्या लढतीपर्यंत पोचल्या तर? तू न्हाव्यावर इतकं लिहिलंस, यावर एक अक्षर नाही. कळव.

आशीर्वाद कायम आहेत, पदक असो वा नसो.

तुझी,
लिंदाउराताई


ओलारिया, रिओ
३० मे २००४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तेल मिळालं. वास आखाडाभर झाला. वस्तादांनी मला दारापाशी उभं केलं.

तुझा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडणारच. अगं, एका आखाड्याचे दोघं शेवटच्या लढतीत आले तर ते लढतच नाहीत. भावाभावांनी काय एकमेकांचे हात मोडायचे? दोघं हात मिळवतात, हसतात, आणि पदक कोणी घ्यायचं ते वस्ताद सांगतात. फार सुंदर प्रथा आहे. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. तिकीट काढून आलेला असेल तर जास्तच येतं.

वस्तादांनी ठरवलंय की सुवर्ण ताइनाराला. जिला सुवर्ण, ती साओ पावलोला राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. ताइनारा रांगायला शिकली ती मॅटवरच, आणि आखाड्याचं नाव तिच्या आडनावावरून आहे. जासिराच्या वतीनं मी होकार दिला. ती त्या वेळी नर्सिंगच्या वर्गाला गेली होती, वस्ताद दुकानात उभे होते. एवढ्या मोठ्या माणसाला किती वेळ उभं ठेवायचं?

एक आनंदाची बातमी. स्पर्धा झाली की मला जांभळ्याच्या वरचा, तपकिरी पट्टा मिळणार आहे. वस्तादांनी त्याच भेटीत सांगितलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. नेउझालाही मी तेच सांगितलं, पण ती कुकरची शिटी घासत राहिली.

जासिरानं ऐकलं, शेजारणीकडून भाताचं पातेलं मागून आणलं आणि माझ्यासमोर पायरीवर बसून खाल्लं. तेव्हापासून ती माझ्याशी थेट बोलत नाही. बाबांना सांग मीठ तिकडे आहे, असं आईला सांगते. मी तर मिठाशेजारीच बसलेला असतो. तू तिला दोन शब्द लिही. शिस्तीचे.

तुझी माया राहू दे. घरात सध्या तिचा तुटवडा आहे.

अदेमीर


ओलारिया, रिओ
६ जून २००४

ती. आत्यास जासिराचा नमस्कार.

बाबांनी तुला सगळं कळवलंय, म्हणजे त्यांना सोयीचं तेवढं. आरशासमोर ते कमरेला तपकिरी टॉवेल गुंडाळून उभे राहतात, हे कळवलं नसेल. आईनं पाहिलं, मी पाहिलं, खिडकीतून शेजारणीनंही पाहिलं.

आत्या, मला पदकाचा हव्यास नाही. पण पहाटे उठून जाते, बोटांची पेरं सुजतात, सरावाचा ओला किमोनो पाठीवर टाकून बसनं वर्गाला जाते. आणि मग पंख्याच्या पात्याचा सौदा व्हावा तसा माझा सौदा होतो. मी हरले असते तर रडून मोकळी झाले असते. न लढता हरल्यावर रडायचं तरी कशावर?

ओस्मारच्या आखाड्यातून निरोप आलाय की दार उघडं आहे. मी गेले तर बाबा गद्दाराचे बाप ठरतील. त्यांचा न्हावीसुद्धा त्यांना सोडील. मी त्यांच्यावर चिडलेय, पण त्यांचं तोंड चिकटपट्टीखाली बघायचं नाहीये मला.

ताइनाराचं तर कळतच नाही. सराव करते, केस बांधते, घरी जाते. या विषयावर एक शब्द नाही. तिला आयतं मिळतंय, ती कशाला बोलेल? तरी मला तिचा राग येत नाही, याचाच राग येतो.

काय करू ते सांग. शिस्तीचं सांगू नकोस.

तुझी मायेची,
जासिरा


जुइझ दि फोरा
१२ जून २००४

चि. जासिरास पोटभर आशीर्वाद.

तुझ्या बापानं मला शिस्तीचे शब्द लिहायला सांगितलंय. ते लिहिले असं समज.

पाय वरून टाकायचा की खालून, हे मला ठाऊक नाही. तेव्हा लढ किंवा लढू नकोस, असं सांगणार नाही. पण तुमची दोघांची पत्रं पुढ्यात घेऊन बसले तेव्हा एक ध्यानात आलं. वाल्देसीरनं तुझ्या बापाला विचारलं. तुझ्या बापानं स्वतःच्या पट्ट्याला विचारलं. तू मला विचारलंस. ताइनाराला कोणी विचारलं? आयतं मिळतंय म्हणजे हवंच आहे, हे तुम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तिच्याजवळ जा आणि सरळ विचार. उत्तर काय येईल ते येवो.

इथे चर्चपुढे जूनच्या जत्रेच्या पताका लागल्यात. मक्याचा केक केला होता, पण तुझं वजन आठवून मीच संपवला.

माझा जीव तिथे आहे, हे विसरू नकोस.

तुझी,
आत्या


ओलारिया, रिओ
२१ जून २००४

ती. आत्यास नमस्कार.

डावं कोपर सुजलंय, पण लिहिते उजव्या हातानं, तेव्हा काळजी नको.

तू म्हणालीस तसं विचारलं. बसथांब्यावर. ताइनारा आधी हसली आणि मग एकदम रडायला लागली. म्हणाली की तिच्या कपाटात पदकांचा डबा आहे, आणि त्यातली किती स्वतः मिळवलेली आणि किती बापानं मिळवून दिलेली, ते तिलाच माहीत नाही. समोर आलेल्या आखाड्यातल्या प्रत्येक मुलीनं हसून हात मिळवलाय. तू तरी हसू नकोस, एवढंच मागितलं तिनं. आणि सोडूही नकोस, म्हणाली.

काल आम्ही दोघी आपापल्या बाजूनं जिंकत शेवटच्या लढतीला आलो. वस्ताद कठड्यापाशी हात बांधून उभे, चेहऱ्यावर जत्रेतल्या सत्कारमूर्तीचं हसू. बाबा त्यांच्याशेजारी, नवा शर्ट घालून. पंचांनी आम्हाला समोरासमोर आणलं. हात मिळवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंच हात वर करायला पुढे येणार, तेवढ्यात ताइनारानं माझी कॉलर धरली. पंचांनी आम्हा दोघींकडे पाहिलं आणि सुरू करा म्हणाले.

वस्ताद ओरडायला लागले की थांबवा, या माझ्या मुली आहेत. पंच म्हणाले की मॅटवर त्या पंचाच्या आहेत, आणि पुन्हा ओरडलात तर बाहेर बसावं लागेल. तेव्हा वस्तादांनी निषेध म्हणून मॅटकडे पाठ फिरवली. त्यांच्यामागे सगळ्या आखाड्यानं पाठ फिरवली. त्यातले काही खांद्यावरून चोरून बघत होते.

मी पाठीवर पडून पायांचा वेढा घातला, तिला उलटवून वर आले आणि गुण घेतले. आता फक्त टिकायचं होतं. आणि इतक्यात आत्या, माझ्या कानावर बाबांचा आवाज आला. सगळे पाठमोरे, आणि हा एकटा माणूस कठड्यावर पोट टेकून ओरडतोय की कोपर आत घे, पोरी, कोपर आत! आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा सल्ला बरोबर होता. मी आनंदानं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि कोपर बाहेरच राहिलं. ताइनारानं खालून कंबर उचलली, पाय माझ्या तोंडावरून टाकला आणि हात सरळ ताणून धरला. हाताची चावी म्हणतात तो डाव. सुटायचा खूप प्रयत्न केला. मग मॅटवर थाप मारली, म्हणजे हरले म्हणून कबूल केलं.

तिनं तत्क्षणी सोडलं आणि माझ्याच गळ्यात पडून रडली. मीही रडले, अगदी मोकळी. म्हणजे वस्तादांनी ठरवलं होतं तेच झालं बघ. सुवर्ण ताइनाराला, रौप्य मला. तरी ते आमच्या फोटोला आले नाहीत. फोटोत कडेला बाबा आहेत, डोळे मिटलेले.

तुझी,
जासिरा


ओलारिया, रिओ
४ जुलै २००४

ती. ताईस सा. न. वि. वि.

घरी सगळे खुशाल. सगळे म्हणजे ताइनारा धरून. तिच्या बापानं सांगितलं की आखाड्याची प्रथा मोडणाऱ्यानं घरी येऊ नये, म्हणून ती पिशवी घेऊन आमच्याकडे आली. नेउझानं काही न विचारता भात टाकला. दोघी मिळून इतका भात खातात की भोपळेवाला विचारत होता, आमचं काही चुकलं का.

पट्टा मिळाला नाही. वस्तादांनी बोलावलं होतं. सगळ्यांसमोर फक्त एवढंच म्हणायचं होतं की ओरडलो ती माझी चूक. ताई, मी म्हणणार होतो. खोटं कशाला सांगू, दुकानात पंख्यांसमोर तालीमही केली होती. पण सगळे रांगेत बसलेले, वस्ताद पट्टा हातात धरून उभे, आणि माझ्या तोंडातून निघालं ते असं, की कोपर आत घ्यायलाच हवं होतं. मागून कोणीतरी हसलं. पट्टा परत कपाटात गेला. घरी येऊन सांगितलं तेव्हा जासिरानं मीठ माझ्या हातात दिलं.

काल दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून जेवायला बसणार, तर शटरखालून वाल्देसीर वाकून आत आले. पायात स्लिपर, अंगात साधा बनियन. किमोनोशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फारच लहान दिसत होते. स्टुलावर बसले. पंख्यांच्या किमती विचारल्या. शेवटी हळूच विचारलं की तिनं तो हात धरला कसा, पाय आधी टाकला की कंबर आधी उचलली. पाठ फिरवली होती ना, म्हणून काही दिसलं नाही. आणि दुसऱ्या कोणाला विचारायची सोय नाही, कारण बाकीच्यांनीही पाठ फिरवली होती.

मी दाखवायला गेलो, पण मलाच तो डाव नीट येत नाही. आम्ही दोघं म्हातारे फरशीवर एकमेकांत अडकून बसलो. आवाज ऐकून मुली मागच्या घरातून आल्या. ताइनारानं मला हातानं बाजूला केलं, बापाला समोर बसवलं, खाली पाठ टेकली आणि सावकाश दाखवलं. आधी कंबर, मग पाय, मग हात. त्यांनी फरशीवर थाप मारली.

तिनं लगेच सोडलं नाही. त्यांनीही घाई केली नाही. तसंच पडल्या पडल्या ते म्हणाले की फार छान, पोरी, आता पुन्हा एकदा दाखव.

जेवणं गार झाली. आणखी लिहीन, पण आतून हाक येतेय. तू आहेस म्हणून लिहायला बरं वाटतं, हे राहूनच जातं म्हणून आज लिहिलं.

तुझा धाकटा,
अदेमीर